‘ओन्ली’ आणि आपला ‘च’

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातील एक वृद्ध भगिनी आमच्याकडे आल्या. वय चौऱ्याऐंशी, हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एकच कागद. राहता वाडा पाडावयाचा ठरला म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तीत त्यांच्या वडिलांच्या पत्रव्यवहाराची फाईल निघाली आणि त्या फाईलमध्ये १९६२ सालच्या एका टंकलिखित पत्राची कार्बन-प्रत सापडली. पत्र इंग्रजीत होते. ते त्यांच्याच लग्नासंबंधी, विदर्भातील एका घराण्यास लिहिलेले. “तुम्ही मासिकात भाषेविषयी लिहीत असता,” त्या म्हणाल्या, “तर एवढे एकच वाक्य मला उलगडून सांगा. आमच्या नानांनी असे का लिहिले असेल?”

वाक्य असे होते : ‘माय डॉटर इज बी. ए. ओन्ली.’

या पत्राला आलेले उत्तर मराठीत होते आणि ते त्या काळच्या रीतीप्रमाणे घरात सर्वांदेखत वाचले गेले होते. मुलगी केवळ बी. ए. आहे असे आपणच कळविता. आमच्या चिरंजीवांस याहून अधिक शिकलेली मुलगी हवी आहे. तरी क्षमा असावी, अशा अर्थाचे. स्थळ गेले. पुढल्याच वर्षी या बाईंचे लग्न बडोद्यातल्या बडोद्यात झाले, संसार चांगला झाला, नातवंडे झाली. “त्या स्थळाचे मला काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “पण आमच्या घरात बायकांमध्ये पहिली पदवी माझी. नानांना त्याचा अभिमान असेल असे मी धरून चालले होते. त्या पत्राच्या उत्तरात ‘केवळ’ ऐकले आणि मनात आले, त्या लोकांनीच काही तरी तिरपे वाचले असेल. आता साठ वर्षांनी नानांचाच शब्द समोर आला. तेव्हा त्यांच्याही लेखी मी ‘केवळ’च होते का?”

आम्ही कागद ठेवून घेतला आणि चार दिवसांची मुदत मागितली. एका शब्दापायी कोश आणि व्याकरणे चाळण्यात ते चार दिवस पंधरा केव्हा झाले, ते समजले नाही. त्या पंधरवड्यात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण हा शब्द केवळ त्या बाईंच्या घरातला नाही. बडोद्यातील मराठी माणूस इंग्रजी बोलू लागला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तो येतोच. ‘आय लिव्ह हिअर ओन्ली.’ ‘कम टुडे ओन्ली.’ ‘ही इज माय ब्रदर ओन्ली.’ आमच्याही तोंडून तो निसटतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा जो ‘वन’, त्यालाच ‘ली’ हा प्रत्यय लागून ‘ओन्ली’ झाला. मूळ अर्थ ‘एकासारखा’, म्हणजेच एकटा, एकमेव. पुढे ‘वन’च्या उच्चारात आरंभी ‘व’ शिरला. ‘ओन्ली’ने मात्र जुना ‘ओ’ सांभाळला. म्हणून आज ही दोन भावंडे एकमेकांच्या शेजारी उभी केली तरी तोंडवळ्यावरून नाते ओळखू येत नाही. पण नाते ध्यानात ठेवले म्हणजे शब्दाचा स्वभाव कळतो. ‘ओन्ली’ हा मोजणारा शब्द आहे. तो एक धरतो आणि बाकीच्यांना बाहेर काढतो. पाच आंब्यांपैकी एकच खाल्ला, दहा जणांपैकी एकालाच बोलाविले, इतकेच त्याचे मूळ काम. त्यातूनच पुढे ‘एवढेच, याहून अधिक नाही’ हा उणेपणाचा अर्थ त्याला चिकटला. कारकून आहे, ‘ओन्ली’ कारकून. लहान आहे, ‘ओन्ली’ लहान. तेथे तो माणसाची उंची दोन बोटे कमी करतो.

दुसरी गोष्ट त्याच्या जागेची. ‘ओन्ली’ साधारणतः पुढे पाहतो : ज्या शब्दावर बोट ठेवावयाचे त्याच्या आधी तो उभा राहतो. परंतु बोलताना इंग्रज माणूस त्याला सरळ क्रियापदाच्या आधी ठेवून देतो आणि आवाजाच्या चढउताराने खरा रोख दाखवितो. ‘मी काल त्याच्याशी फक्त बोललो’, ‘मी काल फक्त त्याच्याशी बोललो’ आणि ‘मी फक्त कालच त्याच्याशी बोललो’ हे तिन्ही अर्थ इंग्रजीतील एकाच वाक्यातून केवळ आवाजाच्या जोरावर निघू शकतात. कागदावर आवाज नसतो. म्हणून इंग्रजीतील कडक व्याकरणकारांनी या शब्दाला त्याच्या नेमक्या शब्दाशेजारी बांधून ठेवण्याचा आग्रह धरला. फाउलरसाहेबांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रख्यात कोशात मात्र लोकव्यवहाराचा पक्ष घेतला : अर्थात गोंधळ होत नसेल तर शब्दाला त्याच्या सवयीच्या जागी राहू द्यावे. ज्या भाषेत इतका नामांकित पंडित एका क्रियाविशेषणाच्या जागेसाठी वकिली करतो, तेथे परक्या माणसाची त्रेधा उडाली तर नवल नाही.

आता आपल्या ‘च’कडे वळू. हा एकाक्षरी गडी मराठीत किती कामे करतो, ते आपण मराठी माणसे कधी मोजीत नाही. शाळेत तो शुद्ध शब्दयोगी अव्ययांच्या यादीत पाठ केलेला असतो, म्हणजे ‘ही’, ‘देखील’, ‘सुद्धा’ यांच्या पंक्तीला. मागील शब्दाचे सामान्यरूप न करताच तो त्याला चिकटतो. त्याची जागा ठरलेली आहे, हे त्याचे मोठे भाग्य. ज्या शब्दावर जोर, त्याच्याच पाठीवर ‘च’. ‘मीच काल त्याला भेटलो’, ‘मी कालच त्याला भेटलो’, ‘मी काल त्यालाच भेटलो’, ‘मी काल त्याला भेटलोच’ : चार वाक्ये, चार अर्थ, आणि एकाही वाक्यात आवाज चढविण्याची गरज नाही. पत्र मुक्याने वाचले तरी अर्थ ढळत नाही.

आणि अर्थ तरी किती! ‘आलोच’ हा शब्द पाहा. तो म्हणणारा मनुष्य त्या क्षणी येत नसतो, चाललेला असतो. दारातून बाहेर पडताना ‘आलोच’ म्हणणाऱ्या आमच्या एका स्नेह्याची वाट आम्ही दोन-दोन तास पाहिली आहे. ‘तो आलाच नाही’ आणि ‘तोच आला नाही’ यांत केवढे अंतर आहे. पहिल्यात नुसती निराशा, दुसऱ्यात समारंभाचा विचका. ‘बसाच आता’ यात आग्रह, ‘जाच एकदा’ यात आव्हान, ‘झालेच’ यात धीर, ‘मुळीच नाही’ यात फटकार. यांतील एकाही ठिकाणी इंग्रजीतला ‘ओन्ली’ चालत नाही. ‘आत्ताच’साठी ‘जस्ट नाऊ’, ‘इथेच’साठी ‘राइट हिअर’, ‘तोच माणूस’ म्हणावयाचे तर ‘दि व्हेरी मॅन’, ‘मुळीच नाही’ला ‘नॉट अ‍ॅट ऑल’, ‘येणारच’ला ‘शुअर टु कम’. दर वेळी नवा शब्द शोधावा लागतो. आपला एक ‘च’ इंग्रजीत गेला की त्याचे आठ-दहा तुकडे होतात. बोलण्याच्या ओघात एवढे तुकडे कोण निवडीत बसणार? माणूस हाताशी लागेल तो एक उचलतो आणि सगळीकडे वापरतो. आमच्या बापजाद्यांच्या हाताशी ‘ओन्ली’ लागला.

तो का लागला असावा, याविषयी आमचा एक तर्क आहे. कचेरीतील माणसाने इंग्रजी वाचले ते अर्जांच्या छापील नमुन्यांतून, पाट्यांतून आणि हुंडी-धनादेशांवरून. ‘लेडीज ओन्ली’, ‘मेंबर्स ओन्ली’, ‘फॉर ऑफिस यूज ओन्ली’, ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’ : या सर्व ठिकाणी ‘ओन्ली’ शेवटी, ‘च’सारखाच पाठीवर बसलेला. सरकारनेच ज्याला शेवटी बसविले, त्याला कारकुनाने शेवटी बसविले तर त्याचा दोष किती?

येथपर्यंत येऊन आम्ही थोडे अडलो होतो. ‘च’चे अर्थ अनेक खरे, पण त्यांत काही व्यवस्था आहे की नाही? ती व्यवस्था मराठी व्याकरणात शोधताना सापडली संस्कृत तर्कशास्त्रात. आपल्या ‘च’च्या ठिकाणी संस्कृतात ‘एव’ असतो, आणि या ‘एव’ने नेमके काय वगळले जाते यावर बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने सातव्या शतकात फार बारीक विचार केला, पुढे नैयायिकांनीही तो उचलला. त्याच्याच ‘हेतुबिंदु’ या ग्रंथावरील अर्चटाची टीका १९४९ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून निघाली. म्हणजे हा विचार छापण्याचे पुण्य आपल्या बडोद्याच्या पदरी आहे. शास्त्रातील नावे जड आहेत, परंतु उदाहरणे अगदी घरगुती.

‘पार्थच धनुर्धर’ असे म्हटले की ‘च’ कर्त्याला लागला. अर्थ, इतर कोणी तसा धनुर्धर नाही. येथे दुसऱ्यांचा संबंध तोडला, म्हणून हा अन्ययोगव्यवच्छेद. ‘शंख पांढराच असतो’ असे म्हटले की ‘च’ गुणाला लागला. येथे पांढऱ्या वस्तू शंखाखेरीज नाहीत असे कोणी म्हणत नाही. दूध आहे, बगळा आहे, मोगरा आहे. शंखाला पांढरेपणा नसेल की काय, ही शंका तेवढी दूर केली. याला म्हणतात अयोगव्यवच्छेद. म्हणजे नसण्याचा संशय काढून टाकणे. आणि ‘निळे कमळ असतेच की’ म्हटले, तर ‘च’ क्रियापदाला लागला. सगळी कमळे निळी नसतील, पण निळे कमळ नावाची वस्तू जगात मुळी नाहीच, ही समजूत खोडून काढली. हा अत्यंतायोगव्यवच्छेद. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण रोज सकाळी दूधवाल्याशी बोलताना आपण हे तिन्ही प्रकार बिनचूक वापरतो. ‘तुमच्याकडूनच घेते’ हा पहिला. ‘दूध पातळच आहे आज’ हा दुसरा. ‘कधी कधी उशीर होतोच’ हा तिसरा.

इंग्रजीच्या ‘ओन्ली’ला यांतला पहिला प्रकारच येतो. बाकीचे दोन त्याच्या हद्दीबाहेरचे. आपण त्याला तिन्ही कामांवर पाठवितो, आणि ऐकणारा मात्र त्याला पहिल्याच कामावर आहे असे समजतो. ‘कम टुडे ओन्ली’ म्हणताना आपल्या मनात असते, ‘आजच या, उशीर नको’. इंग्रज ऐकतो, ‘या ते फक्त आज; उद्या आलात तर दार बंद’. अगत्याचे आमंत्रण तेथे जवळजवळ ताकीद होऊन पोहोचते.

बडोद्याच्या मराठी घरांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आमची मुले शाळेत, शेजारी, बाजारात गुजराती बोलतात आणि गुजरातीत ‘च’चे काम ‘ज’ करतो. मराठीत ‘मीच’, गुजरातीत ‘हुं ज’. लिहिताना तेवढा तो वेगळा उभा राहतो, ‘च’सारखा चिकटत नाही. त्यामुळे घरोघरी ‘आई, मी घरी ज आहे’ अशी वाक्ये ऐकू येतात, आणि पुण्याहून आलेली आत्या कानांवर हात ठेवते. आम्हीही पूर्वी ठेवीत असू. परंतु हेमचंद्राचे व्याकरण उघडले आणि आमचे हात खाली आले.

आचार्य हेमचंद्र बाराव्या शतकातले, पाटणचे. सिद्धराज जयसिंहासाठी त्यांनी जे ‘सिद्धहेम’ व्याकरण रचले त्याचा आठवा अध्याय प्राकृत भाषांचा आहे. त्यात अवधारणाची, म्हणजे निश्चयाची अव्यये सांगताना त्यांनी महाराष्ट्री प्राकृतातली ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ ही रूपे नोंदविली आहेत. हाच आपल्या ‘च’चा पूर्वज. त्याच अध्यायाच्या अखेरीस अपभ्रंश भाषेचे नियम येतात आणि तेथे संस्कृत ‘एव’च्या जागी ‘जि’ होतो असे सांगितले आहे. हा गुजराती ‘ज’चा पूर्वज. महाराष्ट्राचा ‘च’ आणि गुजरातचा ‘ज’ या दोघांची नोंद एकाच माणसाने, एकाच ग्रंथात, आणि तीही गुजरातच्या भूमीवर बसून करून ठेवली आहे. तेव्हा बडोद्याच्या पोराच्या तोंडी ‘च’च्या जागी ‘ज’ आला तर चुलत भाऊ घरात आला एवढेच समजावे. भावाला घरात घ्यावे. मात्र त्याने थोरल्याला बाहेर काढू नये इतके आईबापांनी पाहावे.

खरा घात करतो तो हिंदीतला ‘ही’. ‘मैं ही जाऊँगा’ म्हणजे मीच जाईन. मराठीत ‘मीही जाईन’ म्हणजे मीसुद्धा जाईन. अक्षर तेच, अर्थ नेमका उलटा : हिंदीत इतरांना दाराबाहेर ठेवणारा, तर मराठीत त्यांच्याबरोबर आत शिरणारा. उत्तरेकडच्या सुना आणि मराठी सासवा यांच्यात या एका अक्षरावरून झालेले रुसवेफुगवे आम्ही पाहिले आहेत. ‘स्वयंपाक मी ही करेन’ असे नव्या सुनेने मराठी शिकता शिकता म्हटले. सासूबाईंनी मदत करण्याची तयारी असे समजून निम्मी भाजी चिरून ठेवली आणि सुनेला वाटले, आपल्यावर विश्वास नाही. त्या दोघी आता या गोष्टीवर हसतात.

कागदपत्रांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. धनादेशावर आपण ‘रुपये पाचशे फक्त’ किंवा ‘मात्र’ असे लिहितो, इंग्रजीत ‘ओन्ली’ लिहितो. हे तेथे कशाला? रकमेच्या पुढे कोणी आणखी शब्द घुसडू नयेत म्हणून घातलेली ती कडी आहे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यात, म्हणजे हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांच्या कायद्यात, अठरावे कलम असे आहे की आकडा आणि अक्षरी रक्कम यांत फरक पडल्यास अक्षरी रक्कम खरी धरावी. अक्षरांना एवढे वजन असल्यावर त्यांची वाट बंद करून ठेवणे शहाणपणाचे. गंमत अशी की गुजराती माणूस याच जागी ‘अंके रूपिया पांचसो पूरा’ असे लिहितो. आपण म्हणतो ‘एवढेच’, तो म्हणतो ‘पुरते’. रक्कम तीच, कडीही तीच. पण आपल्या कडीत थोडी काटकसर ऐकू येते आणि त्याच्या कडीत भरल्या गल्ल्याचा आवाज! ‘फक्त’ हा आपला शब्दही मूळचा नव्हे, तो अरबीतून फारसीच्या वाटेने आला. आणि ‘मात्र’ संस्कृतातला, मापाचा वाचक. आज बोलण्यात ‘मात्र’ बराचसा ‘परंतु’चे काम करतो. जुना हिशेबी अर्थ त्याने धनादेशाच्या ओळीपुरता राखून ठेवला आहे.

मृत्युपत्रात तर या शब्दांची जागा घरे फोडू शकते. ‘माझे घर फक्त मुलीस द्यावे’ आणि ‘मुलीस माझे फक्त घर द्यावे’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. दुसऱ्यात मुलीला घराखेरीज काही नाही. इंग्रजीत हेच वाक्य लिहून ‘ओन्ली’ शेवटी टांगला, तर यांतला अर्थ कोणता, यावर दोन वकील दोन पिढ्या पोसले जातील. आमची वाचकांस विनंती आहे की असे कागद शक्यतो ज्या भाषेत आपण विचार करतो त्या भाषेत करावेत. आणि इंग्रजीत करणे भागच असेल तर ‘ओन्ली’ ज्या शब्दाविषयी आहे त्याच्या लगत आधी ठेवावा आणि कागद दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. वाचणारा भलत्या ठिकाणी थांबला, तर वाक्य बदलावे.

आता पुन्हा नानांकडे. त्यांनी मुलीच्या लग्नाचे पत्र इंग्रजीत का लिहिले, हे आजच्या तरुणांना कळणे अवघड. नाना बडोदे संस्थानच्या कचेरीत लागले होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य आले. एकाच टेबलाशी बसून या गृहस्थांनी तीन सरकारांची चाकरी केली. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ १९३१ साली सिद्ध करविला, त्याच शहरात महत्त्वाचे पत्र इंग्रजीत टंकलेले असले म्हणजे त्याला वजन येते ही समजूतही रुजलेली होती. कोशाने नामांची सोय लावली. ‘च’सारख्या चिमुकल्या शब्दाला कोणत्याही कार्यालयीन कोशाच्या रकान्यात बसविता येत नाही, तो ज्याचा त्याने कानाने शिकावयाचा. महाराजांची महत्त्वाची इंग्रजी पत्रे एके काळी अरविंद घोष यांच्या लेखणीतून उतरत. १८९३ ते १९०६ ते बडोद्यास होते, आणि दांडिया बाजारातील त्यांचे निवासस्थान आजही अरविंद निवास म्हणून लोक दाखवितात. इंग्लंडात लहानाचे मोठे झालेल्या त्या माणसाला इंग्रजी कानाने आली होती. मराठी व गुजराती तो येथे येऊन शिकला. त्याच पेठेतल्या आमच्या नानांचा प्रवास उलट दिशेचा. मराठी कानाने, इंग्रजी फायलींतून.

पंधरा दिवसांनी त्या भगिनी पुन्हा आल्या. त्यांच्यापुढे आम्ही पत्र मांडले आणि त्यातील बाकीच्या तीन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. नानांच्या त्या एका पानी पत्रात ‘ओन्ली’ एकूण चार वेळा आला आहे. ‘वी आर रेसिडिंग इन बरोडा ओन्ली’ : म्हणजे ‘आम्ही बडोद्यातच राहतो’. बडोद्यात राहण्यात कमीपणा मानणारा मनुष्य अद्याप आम्हांस भेटलेला नाही. ‘शी हॅज स्टडीड इन एम. एस. युनिव्हर्सिटी ओन्ली’ : ‘ती येथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातच शिकली’. ‘अँड दॅट टू विथ इंग्लिश ओन्ली’ : ‘आणि तेही इंग्रजी विषय घेऊनच’. या वाक्यात तर अभिमान सरळ उभा आहे. उणेपणा दाखवावयाचा असता तर ‘आणि तेही’ कशाला आले असते? तिन्ही ठिकाणी नानांचा ‘ओन्ली’ म्हणजे निखळ मराठी ‘च’. मग चौथ्याच ठिकाणी तो ‘केवळ’ कसा होईल?

तरीही आमच्या मनात एक खुटखुट होती. ‘मुलगी बी. ए.च आहे’ असे निश्चयाने सांगण्याचे कारण काय? मराठीतला ‘च’ असा शंकेवाचून येत नाही. म्हणून आम्ही विचारले, “त्या लोकांचे पहिले पत्र आले होते, त्यात काय होते, आठवते का?”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. “ते पत्र या फाईलमध्ये नाही. पण आठवते,” त्या म्हणाल्या. “त्यांना कोणी तरी सांगितले होते की मुलगी अजून शेवटच्या वर्षाला आहे. त्यांनी विचारले होते, मुलगी खरोखर पदवीधर आहे की नुसती कॉलेजात जाते? आई त्यावर किती चिडली होती! नाना म्हणाले, चिडायचे काय त्यात, मी लिहितो ना त्यांना.”

म्हणजे शंका नसण्याची होती आणि नानांनी ती काढून टाकली होती. शंख पांढराच असतो, त्यातलाच हा प्रकार. विदर्भातील त्या गृहस्थांनी तो ‘पार्थच धनुर्धर’च्या चालीवर वाचला : बी. ए., त्यापलीकडे काही नाही. त्यांचीही चूक म्हणवत नाही. त्यांनी इंग्रजी शब्द इंग्रजी अर्थाने वाचला होता.

बाईंनी कागद जवळ ओढला. चष्मा वर-खाली करीत, त्या चारही ओळींवरून एकेक बोट फिरवीत त्यांनी पत्र पुन्हा वाचले. “बी. ए.च,” त्या हलकेच म्हणाल्या. मग कागद पाकिटात घातला, पाकीट पिशवीत ठेवले, आणि चहा घेतल्यावर उठल्या. नातू रिक्षा थांबवून खाली उभा होता. दाराशी जाऊन त्या वळल्या.

“पण नानांनी ते पत्र मराठीतच लिहायला हवे होते हो,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा म्हटलेही होते त्यांना.”